अधिक्षेपाला उत्तर कोणते? : डिस ट्रॅक, जाहीर वाद आणि सवाल-जवाबाची परंपरा

सारांश : रॅप संगीतातील ‘डिस ट्रॅक’ या प्रकाराकडे बहुधा केवळ शिवीगाळ म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात २०१८ मधील एमीवे बंटाई व रफ्तार यांच्यातील जाहीर वादाचा, कलगी-तुऱ्याच्या व उर्दू हज्वच्या परंपरेच्या संदर्भात विचार केला आहे. अधिक्षेप हा काव्यप्रकार म्हणून टिकतो तो प्रतिपक्षाला त्याच प्रकारात उत्तर देता येते म्हणून, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : रॅप, डिस ट्रॅक, कलगी-तुरा, हज्व, अधिक्षेप, सभा

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन युवकांच्या ओठांवर आज जे काव्य आहे ते बहुतांशी रॅपच्या स्वरूपात आहे, ही वस्तुस्थिती आपण अध्यापकांनी मान्य करावयास हवी. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू या भाषा एकाच गल्लीत नांदतात. येथील विद्यार्थी ज्या मिश्र बोलीत एकमेकांशी बोलतात, त्याच बोलीत त्यांचे आवडते रॅपरही गातात. असे असूनही आपल्या समीक्षेने या गीतप्रकाराची दखल फारशी घेतलेली नाही. घेतली तरी ती एकतर सामाजिक समस्या म्हणून, किंवा ‘विद्रोहाचा नवा आवाज’ म्हणून. दोन्ही भूमिकांत काव्य म्हणून त्याची चिकित्सा मागे पडते.

या गीतप्रकारातील सर्वांत वादग्रस्त उपप्रकार म्हणजे डिस ट्रॅक. ‘डिस’ हे ‘डिसरिस्पेक्ट’ म्हणजे अनादर या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप होय. एखाद्या प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन अथवा तो ओळखता येईल अशा रीतीने त्याचा पाणउतारा करणारे गीत, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल. त्यास मराठीत ‘अधिक्षेपगीत’ म्हणण्यास हरकत नसावी. अपमान करणे हाच ज्या रचनेचा उघड हेतू आहे, तिचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. अधिक्षेपाची पूर्वपीठिका

अधिक्षेपगीत हे परदेशातून आलेले खूळ आहे, असा एक समज आहे. हिप-हॉपचा उगम अमेरिकेतील आफ्रिकन-अमेरिकन वस्त्यांत झाला हे खरेच. त्या समाजात एकमेकांना चढाओढीने टोमणे मारण्याचा ‘डझन्स’ नावाचा शाब्दिक खेळ पूर्वापार होता. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉक्सान शांते या अवघ्या चौदा वर्षांच्या मुलीने एका गाजलेल्या गीताला उत्तर देणारे गीत गायिले आणि त्यातून उत्तर-प्रत्युत्तरांची मोठी मालिका सुरू झाली. पुढे याच प्रकाराला भीषण वळण लागले. १९९६ मध्ये टुपाक शकूर आणि १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या परस्परविरोधी गटांतील दोन रॅपरांची हत्या झाली. अधिक्षेपाच्या काव्याचा विचार करताना या दोन्ही टोकांचे भान ठेवणे आवश्यक आहे.

परंतु जाहीर सभेत पद्यातून प्रतिपक्षाला हिणवण्याची रीत आपल्याला नवी नाही. मराठी शाहिरीत कलगी आणि तुरा हे दोन पक्ष पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांसमोर उभे राहिले. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. एका फडाने पुराणातील वा अध्यात्मातील कूट पद्यातून घालावे आणि दुसऱ्याने ते पद्यातूनच सोडवावे, असा भेदिक लावणीचा शिरस्ता होता. या झगड्यात प्रतिस्पर्ध्याच्या अज्ञानाची, गुरूची, आवाजाची टवाळी मुबलक असे. कोकणातील जाखडी नृत्यात शक्ती-तुऱ्याचा सामना आजही रंगतो. डबलबारी भजनात दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांची उणीदुणी काढतात आणि जाणकार श्रोते प्रत्येक कोटीला दाद देतात. १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’ या अनंत माने यांच्या चित्रपटाने हीच रीत शीर्षकातच नोंदवली आहे.

उर्दू काव्यातील ‘हज्व’ हा प्रकारही भिवंडीतील वाचकांस परिचित असेल. अठराव्या शतकात मिर्झा सौदा यांनी हज्व लिहिण्यात मोठी ख्याती मिळविली. लखनऊमध्ये इन्शा आणि मुसहफी या दोन कवींचा वाद इतका विकोपाला गेला की त्यांचे शिष्य एकमेकांची नालस्ती करणारी पद्ये गात रस्त्यांवरून सोंगे काढू लागले, असे वर्णन मुहम्मद हुसैन आझाद यांच्या ‘आब-ए-हयात’ (१८८०) या ग्रंथात आढळते. कवींच्या वादात चाहत्यांनी उडी घ्यावी आणि काव्य बाजूला राहून गोंगाटच उरावा, हा प्रकार समाजमाध्यमांनी जन्माला घातलेला नाही, हे यावरून ध्यानात यावे.

या दोन परंपरांत एक महत्त्वाचा फरक आहे. कलगी-तुऱ्यात व्यक्ती भांडतात, पण भांडणाचा विषय व्यक्तीहून मोठा असतो. शिव श्रेष्ठ की शक्ती, हा प्रश्न दोन्ही शाहिरांच्या आधी होता आणि त्यांच्या नंतरही उरतो. हज्वमध्ये मात्र व्यक्ती हाच विषय असतो. त्यामुळे हज्व सारी मदार कल्पकतेवर ठेवते. कल्पकता ओसरली की तिच्यात शिवीखेरीज काही उरत नाही. आधुनिक डिस ट्रॅक या दोहोंपैकी कोणाच्या जवळ आहे, याचे उत्तर एका प्रत्यक्ष उदाहरणावरून शोधता येईल.

३. २०१८ चा वाद : तीन गीतांचे वाचन

एमीवे बंटाई या नावाने ओळखले जाणारे बिलाल शेख हे मुंबईत वाढलेले रॅपर. ‘एमीवे’ हे नाव एमिनेम आणि लिल वेन या दोन अमेरिकन रॅपरांच्या नावांच्या जोडणीतून बनले आहे, तर ‘बंटाई’ हा मुंबईच्या गल्लीतील दोस्तासाठीचा शब्द. परदेशी आदर्श आणि स्थानिक बोली यांचा सांधा त्यांच्या नावातच दिसतो. रफ्तार म्हणजे दिलिन नायर. हिंदी चित्रपटसंगीतात आणि मोठ्या व्यावसायिक निर्मितीत त्यांनी आधीच स्थान मिळविले होते. रफ्तार यांनी एका मुलाखतीत एमीवे यांच्या व्यावसायिक यशाविषयी शंका सूचित करणारा उल्लेख केला आणि त्यातून वादास तोंड फुटले. २०१८ च्या अखेरीस काही आठवड्यांच्या अवधीत तीन गीते प्रसिद्ध झाली : एमीवे यांचे ‘समझ में आया क्या’, त्यास उत्तर म्हणून रफ्तार यांचे ‘शेख चिल्ली’ आणि त्यावर एमीवे यांचे प्रत्युत्तर ‘गिरफ्तार’.

या गीतांतील ओळी उद्‌धृत न करताही त्यांच्या रचनेविषयी बरेच काही सांगता येते, कारण तिन्ही शीर्षके अर्थगर्भ आहेत.

‘समझ में आया क्या’ हे शीर्षक प्रश्नरूप आहे. प्रश्न विचारून प्रतिपक्षाला उत्तर देण्यास भाग पाडणे हे सवालाचे मूळ लक्षण होय. शाहिराचा सवाल प्रतिपक्षाच्या ज्ञानाची परीक्षा घेतो. येथील सवाल मात्र आकलनाची परीक्षा घेतो : माझे म्हणणे तुला कळले का, असा त्याचा रोख आहे. वरवर ही उर्मटपणाची लकब वाटते. परंतु कोणत्याही मोठ्या संगीतकंपनीच्या आश्रयावाचून स्वतःची गाणी स्वतः यूट्यूबवर प्रसिद्ध करणाऱ्या गायकाने प्रस्थापिताला विचारलेला प्रश्न म्हणून ते ऐकले की त्याचा आशय पालटतो. कलावंताची योग्यता कोणी ठरवायची, कंपनीने की श्रोत्याने, हा या गीतामागील खरा सवाल आहे.

‘शेख चिल्ली’ या शीर्षकात श्लेष आहे. शेख हे प्रतिस्पर्ध्याचे आडनाव, आणि शेखचिल्ली ही मनोराज्यात रमणारी, हवेत इमले बांधणारी लोककथेतील व्यक्तिरेखा. कंपनीविना मोठे होण्याचे स्वप्न पाहणाऱ्याला रफ्तार एका नावातच उत्तर देतात : हे स्वप्न शेखचिल्लीचे आहे. लोकस्मृतीतील पात्र वापरून केलेली ही कोटी हज्वच्या परंपरेत शोभण्यासारखी आहे. येथे आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. आडनावावरून केलेली कोटी आपल्या समाजात सहजच धर्मावर वा जातीवर घसरू शकते. शीर्षकातील कोटी मात्र समाजाकडे न जाता कथेकडे जाते. हा फरक लहान असला तरी निर्णायक आहे. समीक्षकाने नेमके अशाच ठिकाणी थांबून पाहावयास हवे.

‘गिरफ्तार’ हे उत्तर त्याच शस्त्राने दिलेले आहे. प्रतिस्पर्ध्याने आपल्या नावाशी खेळ केला, तेव्हा एमीवे यांनी त्याचे नाव एका मोठ्या शब्दात अडकविले. ‘गिरफ्तार’ या शब्दात ‘रफ्तार’ अक्षरशः कैद आहे. शिवाय आरंभीच्या ‘गिर’ या अक्षरांतून पडण्याचाही ध्वनी निघतो. वेग हे ज्याचे नाव आणि अभिमानाचे स्थान, त्याला शब्दातच जखडून टाकणे ही कोटी सवालाच्या तोडीची आहे. एकाच साधनाने, म्हणजे नावाच्या फोडीने, सवाल व जवाब साधला गेला आहे. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत याला सभंग श्लेषाच्या जवळचा प्रकार म्हणता येईल.

तालाच्या अंगानेही ही गीते सवाल-जवाबासारखी आहेत. रॅपमध्ये ज्याला ‘फ्लो’ म्हणतात तो म्हणजे ठेक्याशी शब्दांनी केलेली लपाछपी : कोठे यती घ्यावी, कोठे यमक मात्रेआधी आणावे, कोठे एका दमात ओळ संपवावी. डफ-तुणतुण्यावर गाणाऱ्या शाहिराची परीक्षा प्रतिपक्षाच्याच चालीत उत्तर देण्यात होती. रॅपरची परीक्षा प्रतिपक्षाच्या वेगाला वेगाने उत्तर देण्यात असते. म्हणून डिस ट्रॅकमध्ये उच्चारणाचा वेग हा केवळ शोभेचा भाग राहत नाही. तो युक्तिवादाचाच भाग बनतो.

तरीही या मालिकेची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. पहिल्या गीताने उपस्थित केलेला मूळ प्रश्न, म्हणजे कलावंताची योग्यता कोणी ठरवायची, पुढील फेऱ्यांत वाढण्याऐवजी आक्रसत गेला. एकाने आपले श्रोते दाखवावेत, दुसऱ्याने आपला अनुभव, आणि प्रत्येकाने दुसऱ्याची लायकी काढावी, असे त्याचे स्वरूप झाले. शिव-शक्तीच्या वादात शाहीर दमला तरी विषय दमत नाही. येथे विषय दोन व्यक्तींपुरता उरल्याने कोट्या संपताच वादही संपला. म्हणजे हा वाद कलगी-तुऱ्यासारखा सुरू झाला आणि हज्वसारखा संपला, असे त्याचे वर्णन करता येईल. ‘गिरफ्तार’ कोटी म्हणून सरस असले, तरी प्रश्न म्हणून ‘समझ में आया क्या’ हेच गीत श्रेष्ठ ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

४. सभा आणि आकडा

कलगी-तुऱ्याचा सामना सभेत होतो. दोन्ही फड एकाच मांडवात असतात. सवाल ऐकणारे श्रोतेच जवाबही ऐकतात. कोण अडले, कोणी वेळ मारून नेली, कोणाची कोटी जुनी होती, हे ठरविणारे जाणकार तेथेच बसलेले असतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सामना संपला की दोन्ही शाहीर एकाच गावात एकाच पंक्तीला जेवू शकतात, कारण अपमान हा सामन्याच्या चौकटीतला आहे हे सर्वांना ठाऊक असते.

डिस ट्रॅकला अशी सभा नाही. एक गीत एका ठिकाणी ध्वनिमुद्रित होते, उत्तर दुसऱ्या ठिकाणी, आणि श्रोता आपापल्या मोबाइलवर, बहुधा आपल्याच बाजूचे गीत प्रथम ऐकतो. सभेची जागा आकड्याने घेतली आहे. २०१८ साली यूट्यूबवर पसंती व नापसंती असे दोन्ही आकडे दिसत असत, आणि चाहत्यांचे गट प्रतिपक्षाच्या गीताची नापसंती वाढविणे हाच जवाब मानत. नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा प्रेक्षकांना दिसेनासा झाला. परंतु मूळ दोष आकडा दिसण्याचा नव्हता. आकडा दाद देऊ शकतो, पण चूक दाखवू शकत नाही. कोटी जुनी आहे, यमक ओढूनताणून आणले आहे, सवालाला बगल दिली आहे, हे सांगणारा जाणकार आकड्यात नसतो.

ही उणीव केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. जाणकारांची सभा नसेल तर सामन्याला शेवट नसतो, आणि शेवट नसलेला सामना चाहत्यांच्या वैरात परिणत होतो. लखनऊच्या रस्त्यांवर इन्शा-मुसहफींच्या शिष्यांनी जे केले तेच आज प्रतिक्रियांच्या रकान्यांत घडते. या गोंगाटात कुटुंबातील स्त्रियांवरून शिव्या देणे, धर्म वा प्रांत काढणे हे सर्रास चालते. कलगीपक्षाने शक्तीचे श्रेष्ठत्व गायिले. आजच्या अधिक्षेपात मात्र स्त्री ही बहुधा प्रतिपक्षाला दुखविण्याचे साधन म्हणूनच येते. एका चौदा वर्षांच्या मुलीच्या जबाबाने ज्या प्रकाराने जोर धरला, त्याच्या दृष्टीने ही अधोगतीच म्हणावी लागेल.

५. उत्तर पोलीस ठाण्यात

अधिक्षेपाला गीताने उत्तर न देता अन्य मार्गाने उत्तर दिले गेले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि राज्यात सत्तांतर झाले. त्यानंतर ‘पन्नास खोके’ ही घोषणा सर्वतोमुखी झाली. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथील रॅपर राज मुंगसे यांनी कोणाचेही नाव न घेता या घटनांवर उपहासात्मक मराठी रॅप प्रसिद्ध केले. एप्रिल २०२३ मध्ये ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे सत्ताधारी पक्षाच्या युवा शाखेच्या तक्रारीवरून त्यांच्यावर गुन्हा नोंदविण्यात आला. त्याच सुमारास उमेश खाडे या रॅपरवरही ‘भोंगळी केली जनता’ या गीतावरून मुंबईतील वडाळा येथे गुन्हा दाखल झाला.

या गीतांचा वाङ्मयीन दर्जा वादाचा विषय होऊ शकतो. उपहास ढोबळ आहे, प्रतिमा वर्तमानपत्री आहेत, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य असेल. परंतु येथे सामन्याचे स्वरूपच मोडले गेले. सवाल पद्यात होता, जवाब प्रथम माहिती अहवालात आला. सत्ताधारी पक्षाकडे गाणारी माणसे नव्हती असे नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक पक्षाने प्रचारासाठी शाहीर, गीते आणि आता रॅपही वापरले आहे. उत्तराचे साधन हाताशी असताना शिक्षेचे साधन उचलले गेले, हा आक्षेपाचा मुद्दा आहे.

याउलट एक अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील आहे. २०२४ मध्ये केंड्रिक लमार आणि ड्रेक यांच्यात डिस ट्रॅकची मालिका झडली. मे २०२४ मधील लमार यांचे ‘नॉट लाइक अस’ हे त्यातील सर्वाधिक गाजलेले गीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यास पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. ड्रेक यांनी आपल्या व लमार यांच्या गीतांचे वितरण करणाऱ्या युनिव्हर्सल म्युझिक ग्रुप या कंपनीविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने तो फेटाळला. दोन रॅपरांच्या तापलेल्या सामन्यातील विधाने सुजाण श्रोता वस्तुस्थितीचे कथन म्हणून घेत नाही, असा त्यामागील आशय होता. म्हणजे सामन्याची चौकट ही अर्थनिर्णयाचा भाग आहे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे आणि अब्रुनुकसानी हा तिच्याखालीही फौजदारी गुन्हाच आहे. त्यामुळे उपहासकाव्याची चौकट कोणती हे स्पष्टपणे सांगण्याची जबाबदारी मराठी समीक्षेवर अधिकच येते.

६. भिवंडीचा संदर्भ

असा आक्षेप घेतला जाईल की, अधिक्षेपाचे समर्थन करणे इतर शहरांत परवडेल, भिवंडीत नाही. हा आक्षेप गंभीर आहे. मे १९७० आणि मे १९८४ च्या दंगलींची किंमत या शहराने मोजली आहे. १९७० च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगापुढे घोषणा, भाषणे आणि मिरवणुका यांचा विचार झाला. शब्दांनी काय घडू शकते हे या शहराला कोणी सांगण्याची गरज नाही.

परंतु याच शहराचा दुसराही धडा आहे. १९८४ नंतर, त्या दशकाच्या अखेरीस, तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने येथे मोहल्ला कमिट्या स्थापन झाल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांनी माणसांना गप्प बसविले नव्हते, समोरासमोर बसविले होते. तक्रार पाठीमागे न करता तोंडावर करावी आणि उत्तर तेथेच ऐकावे, ही त्यांची पद्धत होती. काव्याचा सामना आणि मोहल्ला कमिटी या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. मात्र दोहोंच्या मुळाशी एकच अट आहे : ज्याच्याविषयी बोलायचे तो समोर हवा आणि त्याला उत्तराचा अवसर हवा.

या अटीवरून समूहाचा अधिक्षेप आणि व्यक्तीचा अधिक्षेप यांतील भेदही स्पष्ट होतो. रफ्तार एमीवेला उत्तर देऊ शकतात. सत्ताधारी पक्ष मुंगसे यांना उत्तर देऊ शकतो. एखाद्या धर्माला वा जातीला उद्देशून केलेल्या अपमानाला मात्र सामन्यात उत्तर देणारा कोणी नसतो, कारण तेथे प्रतिस्पर्धी नसून केवळ बळी असतो. असे गीत डिस ट्रॅकचे रूप घेऊन आले तरी ते या प्रकारात मोडत नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून अधिक्षेपगीताच्या मूल्यमापनासाठी तीन निकष मांडता येतात. पहिला, उत्तरास वाव : ज्याचा अधिक्षेप केला त्याला त्याच प्रकारात, तुल्य साधनांनी उत्तर देता आले पाहिजे. दुसरा, कल्पकता : अपमान कोटीतून, प्रतिमेतून, तालातून सिद्ध झाला पाहिजे. केवळ शिवी ही रचना नव्हे. तिसरा, विषयाची व्याप्ती : दोन व्यक्तींच्या भांडणातून त्यांच्याहून मोठा एखादा प्रश्न उभा राहिला पाहिजे. यांपैकी पहिला निकष प्रवेशाचा आहे, उरलेले दोन श्रेष्ठतेचे. २०१८ चा वाद पहिल्या दोन निकषांवर उतरतो, तिसऱ्यावर अर्धाच. मुंगसे यांचे गीत पहिल्या व तिसऱ्या निकषांवर उतरते. त्याला लाभला नाही तो प्रतिस्पर्धी.

अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना निघते. युवक महोत्सवात वा वाङ्मय मंडळात रॅपला बंदी घालणे सोपे आहे, आणि त्याला सरसकट डोक्यावर घेणेही तितकेच सोपे आहे. या दोहोंऐवजी विद्यार्थ्यांना समोरासमोर, एकाच विषयावर, दिलेल्या तालात सवाल-जवाब करण्यास सांगावे. परीक्षकांत एक जाखडीचा वा भजनाचा जाणकार आणि एक उर्दूचा अध्यापक असावा. गीत कोठे शिवीवर घसरले आणि कोठे कोटी साधली, याची चर्चा निकालाआधी सर्वांसमक्ष व्हावी. यंत्रणांनी हिरावलेली सभा महाविद्यालयाच्या सभागृहात पुन्हा भरविता येते, आणि ते काम दुसऱ्या कोणत्याही संस्थेपेक्षा महाविद्यालयाला अधिक साजेसे आहे.